गर्दीचं दुकान कसं बुडतं

बिग बझार महानगरांबाहेर पहिल्यांदा आलं ते नागपुरात, 2003 साली. त्याआधी 2001 मध्ये कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद इथं 22 दिवसांच्या आत त्याची पहिली तीन दुकानं उघडली होती. किराणा, कपडे, भांडी, बादल्या असं सगळं एका छताखाली विकणारं एवढं मोठं दुकान मधल्या शहरांत चालेल का, हे कंपनीला नागपूरवरून कळणार होतं. नागपूरनं होकार दिला. पुढं मधल्या शहरांमध्ये बिग बझारच्या पाट्या लागत गेल्या.

तेव्हा महिन्याचा किराणा भरायचा म्हणजे वस्तीतल्या वाण्याकडं यादी टाकायची, नाहीतर लग्नकार्य असलं की इतवारीच्या बाजारात जाऊन ठोक भावानं कट्टे उचलायचे. दोन्हीकडं गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडं आणि माल पलीकडं. बिग बझारमध्ये तो काउंटरच नव्हता. तांदळाच्या ढिगात हात घाला, डाळ ओंजळीत घेऊन बघा, दोन तेलांचे डबे शेजारी ठेवून भाव ताडून बघा, काही न घेता बाहेर पडा. कुणी विचारणार नाही. बाहेर ऊन 45 अंशांवर गेलेलं असताना सगळं घर तिथं एसीत संध्याकाळ काढायचं. कमी पगारात नेटका संसार करणाऱ्या हजारो नागपूरकर घरांना आपल्या मर्जीनं निवडून घेण्याची मोकळीक या दुकानानं दिली, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच ते कसं बुडालं हे नीट समजून घ्यावंसं वाटतं. कारण ते गिऱ्हाईक नसल्यामुळं बुडालं नाही. शेवटच्या वर्षांपर्यंत तिथं गर्दी होती.

ही गर्दी मुद्दाम घडवलेली होती. बिग बझार ज्याचं, त्या फ्यूचर समूहाचे संस्थापक किशोर बियाणी मूळचे मुंबईतल्या कापडव्यापारातले. चेन्नईच्या टी. नगरातलं सरवणा स्टोअर्स पाहून त्यांना बिग बझारची कल्पना सुचली. खचाखच भरलेलं, माल ओसंडून वाहणारं आणि तरी गिऱ्हाइकाला आपलं वाटणारं असं ते दुकान. चकचकीत, रिकाम्या-रिकाम्या दुकानात साधा माणूस बिचकतो, ‘इथं महाग असणार’ म्हणून दारातून परत फिरतो. बाजारासारखी दाटी दिसली की निर्धास्त आत शिरतो, हे बियाणींनी अचूक ओळखलं. मग रिकामा जाणारा बुधवार आठवड्यातला सर्वांत स्वस्त दिवस ठरला. 2006 पासून 26 जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी अनेक शहरांत गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. घरातली रद्दी, जुने कपडे, मोडकी भांडी किलोवर घेऊन त्या बदल्यात कुपनं देण्याची योजना तर आपल्याकडच्या बायकांनी उचलूनच धरली. रद्दीवाल्यापेक्षा भाव चांगला मिळे. मात्र कूपन वापरायचं तर त्याच्या काही पट खरेदी करावी लागे. गिऱ्हाइकाची नस ओळखण्यात या कंपनीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग घोडं अडलं कुठं?

किराण्याच्या धंद्याचा हिशेब आधी मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा, दुकानात 100 रुपयांची विक्री झाली. त्यातले 75 ते 80 रुपये मालाचे गेले. उरलेल्या वीस-पंचवीसमधून जागेचं भाडं, पगार, वीज, गोदाम, ट्रकचं भाडं, जाहिरात आणि खराब झालेला किंवा चोरीला गेलेला माल एवढं सगळं भागवायचं. हाती चार-पाच रुपये राहिले तरी दुकान उत्तम चाललं म्हणायचं. आता दुकान वाढवायला कर्ज काढलं असेल, तर व्याज या चार-पाच रुपयांतूनच जाणार. विक्री दुप्पट झाली तरी दर शंभरामागचं हे गणित बदलत नाही. उलट दुप्पट विक्रीसाठी दुप्पट माल भरावा लागतो आणि त्यासाठी आणखी कर्ज लागतं. इतवारीतल्या कुठल्याही मुरलेल्या व्यापाऱ्याला हे तोंडपाठ असतं. तो विक्रीचा आकडा नंतर विचारतो. माल किती दिवसांत फिरतो आणि वसुली किती दिवसांत येते, हे आधी विचारतो.

बिग बझारमध्ये साखर-तेल भराभर फिरायचं, पण कपडे, चादरी, डबे, खेळणी तशी फिरत नाहीत. त्यांच्यावर नफा जास्त सुटतो म्हणूनच ती ठेवायची, पण ती रॅकवर महिनोन्‌महिने बसली तर त्यांत अडकलेल्या पैशाचं व्याज चढत राहतं. शिवाय बहुतेक दुकानं भाड्याच्या जागेत होती, त्यातली बरीच मॉलमध्ये. विक्री कमी झाली म्हणून मालक भाडं कमी करत नाही.

याच धंद्यात, याच काळात, दुसऱ्या एका माणसानं उलटी वाट धरली. राधाकिशन दमाणी यांचं पहिलं डीमार्ट 2002 मध्ये मुंबईत पवईला सुरू झालं. जमेल तिथं जागा विकतच घ्यायची, दुकानं सावकाश वाढवायची, माल पुरवणाऱ्याचे पैसे आठवडा-दहा दिवसांत चुकते करायचे आणि रोख देतो म्हणून भाव पाडून घ्यायचा. 2018-19 या वर्षी दोन्ही कंपन्यांची विक्री जवळजवळ सारखी, सुमारे 20 हजार कोटी रुपये होती. डीमार्टनं ती 176 दुकानांतून केली. बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलला लहानमोठी मिळून दीड हजार दुकानं लागली. या दीड हजारांत समूहानं विकत घेतलेल्या ईझीडे साखळीची छोटी दुकानं बरीच होती, त्यामुळं तुलना अगदी काट्यावरची नाही. तरी एकाच विक्रीसाठी किती भाडी, किती वीजबिलं आणि किती ठिकाणी अडकलेला माल, एवढं त्यातून दिसतंच.

त्या वर्षी फ्यूचर रिटेलनं 700 कोटींहून जास्त नफा दाखवला होता. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि अनेकांच्या ध्यानात येत नाही. नफा कागदावर मांडला जातो तो विक्रीतून खर्च वजा करून. तेवढी रोकड गल्ल्यात असतेच असं नाही. ती नव्या दुकानाच्या डिपॉझिटमध्ये, गोदामातल्या मालात किंवा कुणाकडच्या येण्यात अडकलेली असू शकते. कर्जाचा हप्ता मात्र रोकडीनंच भरावा लागतो.

रोकड किती हवी असायची, याचा अंदाज एका योजनेवरून येतो. नागपुरातही अनेकांनी बिग बझारचं प्रॉफिट क्लब कार्ड घेतलं असेल. आज 10,000 रुपये भरा आणि पुढं वर्षभर दर महिन्याला 1,000 रुपयांची खरेदी करा, म्हणजे एकूण 12,000 रुपयांचा माल. गिऱ्हाइकाला वाटे, वर्षाला 20 टक्के सुटले. हिशेब करून बघितला तर लाभ त्याहून मोठा आहे. कारण दहा हजार रुपये दुकानाकडं वर्षभर राहत नाहीत, पहिल्या महिन्यापासून ते परत मिळू लागतात. दर महिन्याच्या शेवटी हजार रुपये परत असं धरलं, तर हा दर महिन्याला जवळजवळ 2.9 टक्के, म्हणजे वर्षाला 35 टक्क्यांच्या आसपास जातो. दुकान परतफेड मालात करत होतं आणि त्या मालात त्याचा स्वतःचा नफा धरलेला होता, त्यामुळं त्याला खरी झळ याहून कमी बसायची. बांधलेलं गिऱ्हाईक दर महिन्याला येतं आणि हजाराच्या जागी दीड-दोन हजारांचा माल नेतं, हाही फायदा होताच. पण योजनेचा गाभा हाच, की गिऱ्हाईक आधी पैसे देतं आणि माल नंतर नेतं. म्हणजे दुकानाला पैसा उसना देणाऱ्यांत बँका होत्या, माल पुरवणारे होते आणि आपणही होतो.

कर्जाचं पहिलं संकट 2012 मध्ये आलं. समूहाला स्वतःची पहिली ओळख, म्हणजे पँटलून्सची कपड्यांची दुकानं, आदित्य बिर्ला समूहाला द्यावी लागली. सुमारे 1,600 कोटींचा भार त्या व्यवहारानं हलका होणार होता. पाठोपाठ वित्तपुरवठ्याचा व्यवसायही विकला. इथं थांबून घडी बसवायला हवी होती, असं माझं मत आहे. पण दोन वर्षांत पुन्हा खरेदी सुरू झाली. 2014 मध्ये दक्षिणेतली नीलगिरीज, मग भारती समूहाची ईझीडे, मग हेरिटेज फ्रेश आणि 2017 मध्ये 655 कोटींना हायपरसिटी. प्रत्येक साखळी आपापल्या अडचणी घेऊन आली. दुसऱ्याचं तोट्यातलं दुकान विकत घेऊन ते फायद्यात आणायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि वरच्या लोकांचं लक्ष लागतं. व्याजाचा काटा तोवर थांबत नाही.

त्याच सुमारास नागपूरचं महत्त्व या समूहासाठी दुसऱ्या कारणानं वाढलं. शहराजवळच्या मिहान प्रकल्पात समूहाच्याच फ्यूचर सप्लाय चेननं मालाचं मोठं यांत्रिक वितरण केंद्र उभारलं. 1 जुलै 2017 ला जीएसटी येण्याआधी कंपन्यांना राज्याराज्यांत वेगळी गोदामं ठेवावी लागत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की वेगळा कर बसे. जीएसटीनंतर ती सक्ती गेली आणि देशाच्या मधोमध एक मोठं केंद्र ठेवून चारी दिशांना ट्रक सोडणं परवडू लागलं. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग आणि मुंबई-कोलकाता महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळं या कामाला याहून योग्य शहर नव्हतं. विचार अगदी बरोबर होता. कमी साठ्यात जास्त दुकानं चालवण्याचा, म्हणजे जिथं दुखत होतं तिथलाच हा उपाय होता. फक्त तो लागू पडायला काही वर्षं लागणार होती, आणि तेवढी उसंत हाताशी नव्हती.

उसंत नव्हती याचं कारण होतं गहाण पडलेले शेअर. कर्ज कंपनीवर होतंच, पण प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांनीही फ्यूचर रिटेलचे आपल्याजवळचे शेअर तारण ठेवून पैसे उचलले होते. तारणाचं गणित असं चालतं. समजा, 200 रुपयांचे शेअर ठेवून 100 रुपये घेतले. शेअरचा भाव निम्मा झाला की तारण जेमतेम कर्जाएवढं राहतं आणि सावकार म्हणतो, आणखी शेअर आणा किंवा पैसे भरा. दोन्ही जमलं नाही, तर तो तारणातले शेअर ताब्यात घेऊन बाजारात विकतो. त्या विक्रीनं भाव आणखी पडतो आणि दुसऱ्या सावकाराचं तारणही अपुरं पडतं. फेब्रुवारी 2020 मध्ये तीनशेच्या वर असलेला फ्यूचर रिटेलचा भाव मार्चअखेर शंभराच्या खाली गेला. दुकानात रोज किती माल खपतो याचा या घसरणीशी थेट संबंध नव्हता. करोनाच्या भीतीनं सगळाच शेअर बाजार कोसळला होता. पण ज्याचे शेअर गहाण आहेत त्याला बाजार सावरेपर्यंत थांबता येत नाही.

पाठोपाठ टाळेबंदी आली. किराणा विकायला परवानगी होती, पण मॉल बंद होते आणि कपडे, भांडी असा जास्त नफ्याचा माल पडून राहिला. पहिल्या तीन-चार महिन्यांतच सुमारे 7,000 कोटींची विक्री बुडाल्याचं बियाणींनी त्या वर्षी सांगितलं. भाडी आणि व्याज चालूच होतं. जानेवारी 2020 मध्ये कंपनीनं परदेशात 50 कोटी डॉलरचे रोखे 5.6 टक्के व्याजानं विकले होते. त्यांचा पहिलाच 1 कोटी 40 लाख डॉलरचा हप्ता जुलैमध्ये ठरल्या दिवशी भरता आला नाही. 30 दिवसांच्या सवलतीच्या मुदतीत ऑगस्टमध्ये कसाबसा भरला गेला. वर्षाला 20 हजार कोटींची विक्री करणारी कंपनी शंभरएक कोटींच्या हप्त्याला अडली, तेव्हा जाणत्यांना काय ते कळलं.

29 ऑगस्ट 2020 ला रिलायन्सनं समूहाचा किरकोळ आणि घाऊक विक्रीचा, गोदामांचा आणि वाहतुकीचा व्यवसाय 24,713 कोटींना घेण्याचं जाहीर केलं. त्यातून देणी भागणार होती. पण त्याच्या आदल्या वर्षी, पैशाची निकड असताना, समूहातल्या फ्यूचर कूपन्स या कंपनीचा 49 टक्के हिस्सा सुमारे 1,430 कोटींना ॲमेझॉनला दिला होता, आणि काही ठरावीक प्रतिस्पर्ध्यांना फ्यूचर रिटेलची मालमत्ता विकायची नाही, अशी अट मान्य केली होती. त्या यादीत रिलायन्स होतं. ॲमेझॉन सिंगापूरच्या लवादाकडं गेली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये विक्रीला हंगामी मनाई झाली. हा हंगामी आदेश भारतात लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलं. डिसेंबरात स्पर्धा आयोगानं ॲमेझॉनच्या 2019 च्या व्यवहाराला दिलेली मंजुरीच स्थगित केली आणि 202 कोटींचा दंड ठोठावला. कायद्याच्या अभ्यासकांना यात पुष्कळ शिकण्यासारखं आहे. दुकानाच्या दृष्टीनं अर्थ एवढाच, की दीड वर्ष विकता येईना आणि चालवताही येईना. माल कमी-कमी होत गेला, रॅक रिकामे दिसू लागले. बँकांनी कर्जाची फेररचना करून दिली होती, तरी 2021 च्या अखेरीस द्यायचे सुमारे 3,495 कोटी कंपनी देऊ शकली नाही.

घाव बसला तो भाडेकरारांमधून. फ्यूचरला भाडी भरणं अशक्य झालं, तेव्हा अनेक जागामालकांनी रिलायन्सशी नवे करार केले आणि रिलायन्सनं त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्यानं दिल्या. दिसायला ही मदतच होती. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस रिलायन्सनं जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली. समूहाच्या 947 दुकानांचे पोटभाड्याचे करार संपवल्याच्या नोटिसा निघाल्या. खरेदीला आलेली माणसं बंद शटर बघून परत गेली. पुढं त्यातल्या बऱ्याच जागांवर ‘स्मार्ट बझार’ची पाटी लागली. दुकानातल्या कर्मचाऱ्यांना रिलायन्सनं नोकऱ्या देऊ केल्या, ही यातली एक बरी गोष्ट. पण ज्या दुकानांच्या कमाईवर बँकांचं कर्ज उभं होतं ती दुकानंच हातची गेली. एप्रिलमध्ये विक्रीच्या प्रस्तावावर मतदान झालं तेव्हा भागधारकांनी आणि बिनतारणी देणेकऱ्यांनी बहुमतानं होकार दिला, मात्र तारण असलेल्या देणेकऱ्यांची 69 टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली. लागत होता 75 टक्के होकार. रिलायन्सनं प्रस्ताव मागं घेतला. बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर 20 जुलै 2022 ला दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. वीस हजार कोटींहून अधिक दावे दाखल झाले, आणि जी मोठी बोली पुढं आली ती 550 कोटींची. तीही मंजूर झाली नाही. जुलै 2024 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठानं कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

कंपनी मोडीत निघाली की पैसे कुणाला आधी मिळतात, हे दिवाळखोरी संहितेच्या 53 व्या कलमात ठरवून दिलेलं आहे. आधी या प्रक्रियेचाच खर्च, मग कामगारांची 24 महिन्यांपर्यंतची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांपर्यंतचा पगार, मग तारणाशिवाय कर्ज देणारे, मग सरकार. माल पुरवणारे त्याच्याही खाली, शेअर घेतलेली सामान्य माणसं सर्वांत शेवटी. बिनतारणी देणेकऱ्यांनी होकार का दिला असेल आणि बँकांचं गणित वेगळं का असेल, हे या क्रमावरून उलगडतं. पापड, लोणची, मसाले करणारा एखादा छोटा उद्योजक मोठ्या साखळीला माल द्यायला लागतो तेव्हा खूश असतो. घराचं नाव मोठ्या दुकानाच्या रॅकवर लागतं, ट्रक भरून ऑर्डर येते. पैसे साठ-नव्वद दिवसांनी मिळतात याचं तो वाईट वाटून घेत नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत दिले पाहिजेत असा 2006 चा कायदा आहे, पण ऑर्डर हातची जाईल या धाकानं तो दाखवायला सहसा कुणी धजत नाही. साखळी कोसळली की ते नव्वद दिवसांचे पैसे रांगेत बँकांच्या आणि सरकारच्या मागं जाऊन उभे राहतात.

मोठ्या दुकानाला माल देणाऱ्या विदर्भातल्या प्रत्येक छोट्या उद्योजकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. ऑर्डर जरूर घ्या, पण ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर दर तीन महिन्यांनी तिचा भागधारणेचा तक्ता बघा. तो मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतो. त्यात प्रवर्तकांच्या हिश्शातले किती टक्के शेअर गहाण आहेत, याचा वेगळा रकाना असतो. तो आकडा तिमाहीमागून तिमाही चढताना दिसला, तर दुकानात कितीही गर्दी असली तरी आपली उधारी कमी करत आणायची आणि पुढचा ट्रक भरण्याआधी मागचे पैसे मागायचे.